काळे आणि चौकट

डेटाबेस ही माहितीची अशी कोठी असते, की जिच्यात माल भरणारा एक, मोजणारा दुसरा आणि पावती घेऊन रांगेत उभा राहणारा तिसराच असतो. आणि या कोठीतून हवे तेवढेच काढून द्यावे अशी विनंती यंत्राला ज्या रीतीने करावी लागते, तिला प्रश्नभाषा म्हणतात. ही भाषा सामान्यतः अक्षरांत लिहिली जाते आणि तीत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी यंत्र पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखे रुसून बसते, म्हणून संगणकशास्त्रातील काही दयाळू मंडळी गेली सुमारे पन्नास वर्षे असा उद्योग करीत आली आहेत, की माणसाने लिहूच नये, केवळ चौकटी काढाव्यात, रकाने भरावेत, चौकटीपासून चौकटीपर्यंत रेघ ओढावी, आणि त्या चित्रावरून यंत्राने प्रश्न ओळखावा. अशा भाषांना चित्रभाषा म्हणणे सोयीचे होईल. त्यांचा जन्म अमेरिकेत झाला हे खरे, परंतु त्यांची परीक्षा पाहण्यास जबलपूरमधील कांचघर ही वस्ती अधिक योग्य आहे, कारण येथे मराठी आडनाव, हिंदी कारभार आणि इंग्रजी कळफलक ही तिन्ही एकाच टेबलावर भेटतात आणि तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचे ऐकत नाही.

कांचघर या नावावरून पारदर्शक कारभाराची अपेक्षा करणे हे जबलपूरमध्ये नवख्याचे लक्षण मानले जाईल. घमापूर आणि रांझीच्या बाजूची ही वस्ती पूर्व जबलपूरच्या ज्या पट्ट्यात येते, त्या पट्ट्याला १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीने आणि तिच्यानंतरच्या संरक्षण कारखान्यांनी भोंग्याच्या तालावर जेवायला शिकविले. जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध मात्र कारखान्यांहून जुना आहे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच प्रांतात नांदत होती. त्यामुळे येथील मराठी कुटुंबास आपण परप्रांतात आलो असे वाटत नाही, प्रांतच आपल्या पायाखालून निघून गेला असे वाटते.

या कुटुंबास मध्य प्रदेशाचे रहिवासी म्हणून ‘समग्र’ या योजनेत दोन प्रकारचे क्रमांक लाभतात: कुटुंबास मिळून एक ८ अंकी क्रमांक आणि कुटुंबातील प्रत्येक सदस्यास स्वतंत्र ९ अंकी क्रमांक. सदस्याचा क्रमांक कुटुंबाच्या क्रमांकाहून एका अंकाने लांब असतो, ही गोष्ट घरातील थोरल्यांना पचायला वेळ लागतो आणि धाकट्या सुनेला मुळीच लागत नाही. डेटाबेसच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे कुटुंबांचा एक तक्ता आणि सदस्यांचा दुसरा तक्ता आहे, असे समजता येते. तक्त्यातील ज्या रकान्यावरून एक नोंद दुसरीपासून निर्विवाद वेगळी ओळखता येते त्यास प्राथमिक की म्हणतात, आणि दुसऱ्या तक्त्याची की जेव्हा पाहुणी म्हणून एखाद्या तक्त्यात येऊन राहते, तेव्हा तिला परकी की म्हणतात. कुटुंबाचा क्रमांक सदस्याच्या नोंदीत येऊन बसतो, म्हणजे तेथे तो परका ठरतो. आपल्याच माणसांत परके होण्याचा हा अनुभव एकत्र कुटुंबांना अर्थात नवा नाही.

हाच संबंध एखाद्या चित्रमय साधनात पाहिला, तर पडद्यावर दोन चौकटी दिसतात आणि त्यांना जोडणारी एक रेघ दिसते. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या १९९२ साली बाजारात आलेल्या प्रणालीत नात्याची शिस्त पाळण्याचा पर्याय निवडल्यास या रेघेच्या एका टोकास १ हा आकडा आणि दुसऱ्या टोकास अनंताचे चिन्ह उमटते, आणि एका कर्त्यावर अनंत माणसांचा भार दाखविणारे इतके नेमके चित्र मराठी कौटुंबिक कादंबऱ्यांनाही चारशे पानांत क्वचितच साधले असेल. शिस्तीचा अर्थ असा, की ज्या कुटुंबाची नोंदच नाही त्याचा सदस्य यंत्र आत घेत नाही, आणि कुटुंबाची नोंद पुसायची झाल्यास सदस्यांचेही त्याबरोबर विसर्जन करावे काय, हे आधीच ठरवून द्यावे लागते. ज्या प्रश्नावर वाटणीचे दावे तीन तीन पिढ्या चालतात, तो येथे एका लहानशा चौकोनात बरोबरची खूण करून निकालात काढला जातो.

चित्रभाषेचे मूळ शोधू गेल्यास एका घरातील दोन जावांची कथा हाती लागते. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवावी आणि तक्त्यांमधील नाती गणिताच्या नियमांनी सांभाळावीत, असा विचार मांडला. हे सासरे स्थिर झाल्यावर त्याच कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये शब्दांची प्रश्नभाषा पुढे आणली, जी आज एसक्यूएल या नावाने जगभर नांदते. आणि पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकास यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्याच संशोधन केंद्रातून मोशे झ्लूफ यांनी चित्रांची प्रश्नभाषा मांडली. थोरली बोलकी निघाली आणि धाकटी देखणी. घर कोणी चालविले, हे सांगायला नको.

झ्लूफ यांच्या भाषेच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘उदाहरणावरून प्रश्न’ असा होतो, परंतु मराठीत तिला ‘नमुन्यावरून प्रश्न’ म्हणणे अधिक शोभेल, कारण नमुना या वस्तूशी मराठी माणसाचा परिचय फार जुना आणि फार कडवट आहे. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात तलाठ्याच्या दप्तरास गाव नमुना असेच म्हणतात, आणि सातबारा हा ज्याच्यासाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो तो पवित्र कागद, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा जोड आहे. शिवाय मराठीत सरळ न वागणाऱ्या माणसासही नमुनाच म्हणतात. झ्लूफ यांच्या पद्धतीत या तिन्ही अर्थांना जागा मिळते: पडद्यावर तक्त्याचा रिकामा सांगाडा दिसतो, माणूस त्यातील रकान्यांत हव्या त्या उत्तराचा मासला भरतो, आणि यंत्र तसल्याच नोंदी शोधून समोर ठेवते. जो रकाना छापून हवा असेल त्यात इंग्रजी पी हे अक्षर आणि टिंब लिहायचे, आणि जो मासला खरा नसून केवळ उदाहरणादाखल आहे, त्याच्याखाली रेघ मारायची.

ही रेघ या भाषेचा प्राण आहे आणि ती समजण्यासाठी वधुवर-सूचनेच्या वहीइतके उत्तम साधन नाही. समजा, जबलपूरमधील मराठी मंडळींनी उपवर मुलांचा एक तक्ता आणि मुलींचा दुसरा तक्ता केला, आणि प्रत्येकात नाव, गाव, शिक्षण, उंची व गोत्र हे रकाने ठेवले. मुलांच्या गोत्राच्या रकान्यात ‘कश्यप’ असे साधे लिहिले, तर यंत्र फक्त कश्यप गोत्राची मुले देते. परंतु त्याच शब्दाखाली रेघ मारली, तर त्याचा अर्थ ‘उदाहरणार्थ कश्यप, जे कोणते असेल ते’ असा होतो, आणि मग मुलींच्या गोत्राच्या रकान्यात तोच रेघ मारलेला कश्यप नकारचिन्हासह लिहिला, की सगोत्र जोड्या आपोआप गळून पडतात. म्हणजे एका तक्त्यातील उदाहरण दुसऱ्या तक्त्यात ओळख दाखवते, आणि त्या ओळखीतून नाते ठरते. ‘तुमच्या भाच्यासारखा एखादा मुलगा असल्यास सुचवा’ या वाक्यात भाच्याखाली जी अदृश्य रेघ असते, ती झ्लूफ यांनी दृश्य केली एवढेच. मात्र हे वाक्य ऐकून काही आत्याबाई प्रत्यक्ष भाच्याचीच पत्रिका आणून देतात, कारण त्यांना रेघ दिसत नाही.

अ‍ॅक्सेसने हीच कल्पना उंदराच्या टोकावर आणली आणि मध्य प्रदेशातील ज्या असंख्य क्लासांच्या पाट्यांवर डीसीए आणि पीजीडीसीए ही संगणक-पदविकांची अक्षरे झळकतात, त्यांतून ती गल्लोगल्ली पोहोचली. या प्रणालीत पडद्याच्या खालच्या भागातील जाळीत एका ओळीत लिहिलेल्या अटी ‘आणि’ने जोडल्या जातात आणि वेगवेगळ्या ओळींत लिहिलेल्या अटी ‘किंवा’ने. नियम सोपा आहे, अडचण मराठी भाषेची आहे. ‘जबलपूर आणि नागपूरची मुले दाखवा’ असे वधूपिता म्हणतो, तेव्हा त्याला दोन्ही शहरांतील मुले हवी असतात. यंत्र मात्र गावाच्या एकाच रकान्यात एकाच वेळी जबलपूर आणि नागपूर असलेला मुलगा शोधते आणि तसा एकही नाही असे अत्यंत प्रामाणिकपणे सांगते. बोलण्यातील ‘आणि’ हा पुष्कळदा तर्कातील ‘किंवा’ असतो, हे तर्कशास्त्राच्या वर्गात कोणी मनावर घेत नाही. रिकामी यादी पाहिल्यावर मात्र मुलांची टंचाई झाली असा सामाजिक निष्कर्ष तत्काळ काढला जातो.

याहून मोठा प्रसंग रेघ विसरल्यामुळे ओढवतो. दोन तक्ते पडद्यावर आणून त्यांना जोडणारी रेघ ओढायचे राहिले, तर यंत्र एका तक्त्यातील प्रत्येक नोंद दुसऱ्या तक्त्यातील प्रत्येक नोंदीशी लावते. या प्रकारास कार्टेशियन गुणाकार म्हणतात. मुली ४० आणि मुलगे ३५ असतील, तर १,४०० विवाह क्षणार्धात जमतात, आणि देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावे जमा असलेला हा सामुदायिक सोहळा अक्षता संपल्या तरी आटोपत नाही. रेघ ओढली तरी धोका टळत नाही, कारण साध्या रेघेचा अर्थ ‘दोन्हीकडे जुळणारे तेवढेच’ असा असतो: ज्या मुलाची पत्रिका पत्रिकांच्या तक्त्यात नाही, तो मुलगा उत्तरातून गुपचूप नाहीसा होतो. त्याला राखायचे असेल, तर रेघेला एका बाजूने बाण लावावा लागतो. चित्रात फरक फक्त बाणाच्या टोकाचा आहे. मुलाच्या आयुष्यात तो बराच अधिक असू शकतो.

चित्राने जे सांगता येत नाही, त्याचीही एक नोंद करावी लागेल. दोन याद्या एकाखाली एक जोडून सलग यादी करण्याच्या क्रियेस डेटाबेसमध्ये युनियन म्हणतात, आणि अ‍ॅक्सेसच्या चित्रमय जाळीत युनियन मांडताच येत नाही. तिच्यासाठी चित्र बाजूला सारून एसक्यूएलचे शब्दच लिहावे लागतात. ज्या परिसरात युनियन हा शब्द भोंग्याइतकाच परिचित आहे आणि जेथे व्यवस्थापनाने युनियनला न जुमानण्याच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात, तेथे सॉफ्टवेअरच्या या वर्तनाचे कोणालाही आश्चर्य वाटू नये. खरे पाहता चित्राच्या मागे सदैव शब्दच उभे असतात: माणूस रेघा ओढत असताना यंत्र मुकाट्याने त्यांचे एसक्यूएलमध्ये भाषांतर करीत असते, आणि ते पाहण्याची खिडकी उघडली, तर इतके कंस दिसतात की माणूस ती लगेच लावून घेतो. दिसते तसे नसते, ही म्हण रचणाऱ्याने अ‍ॅक्सेस पाहिले नव्हते, एवढेच.

या क्षेत्रात मराठी नाव शोधणाऱ्यास ते ठळकपणे सापडते. शामकांत नवाथे यांनी रामेझ एल्मासरी यांच्यासह लिहिलेला डेटाबेसच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आहेत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो विकत, उसना आणि झेरॉक्स अशा तिन्ही मार्गांनी वाचला आहे. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी मांडलेली आयत, शंकरपाळी आणि लंबगोल यांची चित्रलिपी या ग्रंथाने विद्यार्थ्यांच्या हाडीमांसी रुजविली: आयत म्हणजे वस्तू किंवा व्यक्ती, शंकरपाळी म्हणजे त्यांच्यातील संबंध, आणि लंबगोल म्हणजे त्यांचे गुण. ग्रंथातील उदाहरणाच्या कंपनीत जॉन स्मिथ नावाचा एक काल्पनिक कर्मचारी आहे, ज्याचा वार्षिक पगार ३०,००० डॉलर आहे, आणि त्याच कंपनीत रमेश नारायण ३८,००० घेतो. आवृत्त्या वाढल्या, पाने वाढली, ग्रंथाची किंमत वाढली, परंतु स्मिथच्या पगाराकडे कोणत्याही वेतन आयोगाचे लक्ष गेलेले दिसत नाही. झ्लूफ यांच्या देखण्या भाषेस याच ग्रंथाच्या अलीकडील आवृत्त्यांत शेवटी परिशिष्टात जागा मिळाली आहे, म्हणजे माजघरातून तिचे बिऱ्हाड परसदारी गेले आहे.

याच चित्रलिपीत दुर्बळ वस्तू नावाचा एक प्रकार आहे, जिला स्वतःची की नसते आणि जी दुसऱ्याच्या आधाराने ओळखली जाते. तिचा आयत दुहेरी रेघेने काढतात. ग्रंथातील कंपनीत कर्मचाऱ्याची पत्नी आणि मुले या दुहेरी भिंतीच्या आयतात राहतात. जबलपूरमधील कर्मचाऱ्याच्या पत्नीपाशी मात्र स्वतःचा ९ अंकी क्रमांक असल्यामुळे ती तार्किकदृष्ट्या सबळ ठरते, आणि तिच्या सबळतेविषयी घरातील कोणाच्याही मनात पूर्वीही शंका नव्हती, कारण ती दुर्बळ आहे अशी समजूत करून घेण्याचे धाडस कोणी केलेच नव्हते.

चित्रभाषांच्या मर्यादेविषयी एल. पीटर डॉइच यांच्या नावावर सांगितला जाणारा एक अर्धा गंभीर नियम असा, की पडद्यावर एकाच वेळी ५० हून अधिक चित्रखुणा राहू शकत नाहीत, त्यामुळे चित्रभाषेत मोठा कार्यक्रम लिहिणे कठीण. ज्याने संध्याकाळी कारखाने सुटल्यावर कांचघरचा चौक ओलांडला आहे, त्यास हा नियम समजावून द्यावा लागत नाही. चार चौकटी आणि तीन रेघा असतात तोवर चित्र डोळ्यांना सुखवते. चौकटी तीस झाल्या की रेघांच्या शेवया होतात, आणि कोणती शेवई कोणत्या ताटलीत संपते हे पाहण्यासाठी रेघ ओढणाऱ्यालाच बोलवावे लागते, जो तोवर दुसरीकडे नोकरीस लागलेला असतो. अशाच चौकटी आणि रेघांनी संकेतस्थळांवरील माहितीचे प्रवाह नळांसारखे जोडून देणारे याहू कंपनीचे पाइप्स २००७ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये बंद पडले. नळाला आठ वर्षे पाणी आले, हे जबलपूरच्याच काय, कोणत्याही नगरपालिकेच्या मानाने वाईट नाही.

आतापर्यंतचे दोष हास्यास्पद असले तरी निरुपद्रवी आहेत. चित्राचा खरा उपद्रव जबलपूरने संगणकाच्या पुष्कळ आधी पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने जबलपूर येथे बसून ठगांचा बंदोबस्त चालविला, तो प्रामुख्याने माहितीच्या बळावर. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहणे, एका जबानीतील नाव दुसरीत सापडले की दोन्ही जोडणे, ठग कुटुंबांचे वंशवृक्ष आखणे आणि खुनांच्या जागा नकाशावर मांडणे, ही सर्व कामे आज ज्यास तक्ते जोडणे म्हणतात तीच होत. १८३६ मध्ये कलकत्त्यास छापलेल्या त्याच्या ‘रामसीआना’ या ग्रंथात ठगांच्या भाषेचा कोशही आहे. कामाची चिकाटी वादातीत आहे. परंतु वंशवृक्षात नाव बसले म्हणजे माणूस जन्मतः ठग ठरला, ही समजूत त्या चित्राबरोबरच आली, आणि ठग नावाचा एवढा एकजिनसी वंशपरंपरागत पंथ खरोखर होता, की तो बऱ्याच अंशी चौकशीच्या पद्धतीतून घडला, यावर इतिहासकार आजही भांडतात. चौकट आखली की आत कोणाला तरी बसवावेच लागते; आणि लिहिलेल्या वाक्यावर माणूस शंका घेतो, तशी तो नीटनेटक्या चौकटीवर घेत नाही. झ्लूफ यांच्या वारसदारांनी टंकण्याचे कष्ट वाचविले. काय विचारायचे आहे हे ठरविण्याचे कष्ट कोणत्याही चित्राने अद्याप वाचविलेले नाहीत, उलट ते वाचले असा भास मात्र फार सुबक निर्माण केला आहे.

या भासाचा सर्वांत नियमित बळी काळे आडनावाचा गृहस्थ होय. हिंदीच्या वर्णमालेत ळ नसल्यामुळे त्याच्या एका कागदावर काळे आणि दुसऱ्यावर काले असे लिहिले जाते, इंग्रजी कागदावर दोन्ही एकरूप होतात आणि परदेशी वाचकास ती कोबीच्या जातीची भाजी वाटते. आता दोन तक्त्यांच्या चौकटींत आडनावापासून आडनावापर्यंत कितीही देखणी रेघ ओढली, तरी तिचा अर्थ ‘अक्षरे तंतोतंत समान असल्यास’ एवढाच असतो, आणि युनिकोड या लिपिसंकेतात ल चा क्रमांक ०९३२ व ळ चा ०९३३ असल्याने हे दोघे शेजारी असूनही यंत्राच्या लेखी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. उपाय म्हणून ळ च्या जागी ‘कोणतेही एक अक्षर’ अशा अर्थाचे प्रश्नचिन्ह घातले, तर काळे आणि काले दोघेही सापडतात, परंतु त्यांच्याबरोबर काणे आणि काटेही येऊन उभे राहतात, आणि मग चौघांपैकी सरकारी अनुदान कोणाचे, हा प्रश्न चित्रातून बाहेर येऊन कचेरीच्या काउंटरवर चढतो. काळे आपल्या परीने खरे असतात, काउंटरवरील मुलगा आपल्या परीने खरा असतो, आणि पडद्यावर तर दोन चौकटींमधील रेघ कोठेही तुटलेली दिसत नाही.

भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ ही अक्षरे एकाच कळीवर आहेत. ळ साठी तिच्याबरोबर शिफ्ट दाबावी लागते.